परग्रहवासीयाने विठ्ठलवाडीला उतरावे

'परग्रहवासी' हा मराठी शब्द पत्ता सांगतो, नाते सांगत नाही. दुसऱ्या ग्रहावर वस्ती करणारा, एवढाच त्याचा अर्थ असल्यामुळे त्या जिवाने पृथ्वीवर पाऊल ठेवल्यावर त्याला पाहुणा म्हणावे, आगंतुक म्हणावे की घुसखोर म्हणावे, याचा निर्णय तो शब्द वाचकावर सोपवून मोकळा होतो. इंग्रजीतला 'एलियन' हा शब्द इतका निर्विकार नाही. कायद्याच्या भाषेत तो परदेशी माणसाला लावला जातो, आणि विज्ञानकथेने त्याला अंतराळात नेण्याच्या कितीतरी आधीपासून त्यात परकेपणाची बोच होती. मराठीत ती बोच 'परका' आणि 'उपरा' या शब्दांनी जपली आहे. लक्ष्मण माने यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिले, तेव्हा गावोगाव फिरूनही कोणत्याच गावात हक्काची जागा नसलेल्या कैकाडी समाजातील माणसाची अवस्था त्या एका शब्दात आली. आणि मनुष्यप्राणी मूळचा पृथ्वीवरचा नसावा असे मत मांडणाऱ्या पुस्तकाला सुरेशचंद्र नाडकर्णी यांनी 'पृथ्वीवर माणूस उपराच!' असे शीर्षक दिले, तेव्हा तोच शब्द थेट ताऱ्यांपर्यंत गेला. गावकुसाबाहेरच्या माणसासाठी आणि सूर्यमालेबाहेरच्या जिवासाठी मराठीला एकच शब्द पुरतो, ही गोष्ट मुलांसाठी परग्रहवासीयांच्या विनोदी कथा लिहू पाहणाऱ्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यावी अशी आहे.

येथे ज्या वाचकाचा विचार करायचा आहे तो साधारण आठ ते बारा वर्षांचा, म्हणजे मराठी बालसाहित्याच्या परिभाषेत शिशुवर्ग ओलांडलेला आणि कुमारवयाच्या उंबरठ्यावर असलेला वाचक आहे. या वयात मूल एका शब्दाचे दोन अर्थ एकदम पकडू लागते, खेळात कोणी नियम मोडला तर तत्काळ हरकत घेते, आणि 'असेच का?' हा प्रश्न विचारण्याची लाज त्याला अजून वाटू लागलेली नसते. विज्ञानकथा म्हणजे ज्ञात विज्ञानाशी उघड भांडण न करणारी एखादी कल्पना गृहीत धरून तिचे परिणाम शिस्तीने शेवटपर्यंत नेणारी कथा, अशी कामचलाऊ व्याख्या केली, तर ते परिणाम जेव्हा माणसांच्या रोजच्या वागण्यातली विसंगती उघडी पाडतात तेव्हा तीच कथा विनोदी होते, असे म्हणता येते. अशा कथेतले हसू हे कडू औषधावर चढवलेले साखरेचे पूट नव्हे. निरीक्षण, तर्क आणि गृहीतकाची तपासणी या विज्ञानाच्या पद्धतीतूनच ते उपजते. आणि ते मराठीत उपजायचे असेल, तर परग्रहवासीयाने न्यूयॉर्क सोडून विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी उतरले पाहिजे, असे प्रतिपादन पुढील विवेचनात केले आहे.

मराठीत विज्ञानकथा आणि विनोद या दोन्हींच्या परंपरा जुन्या आहेत. विसाव्या शतकाच्या तोंडावर 'केरळ कोकिळ' या मासिकाने ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे मराठी रूप छापले, पुढे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी व्हर्नची पुस्तके मुलांच्या हाती दिली, 'बालमित्र' हे मासिक चालवले, फुरसुंगीच्या बनेश फेणेला 'फास्टर फेणे' केले आणि एका विज्ञानकथेचे नाव 'उडती छबकडी' असे ठेवून 'उडती तबकडी' या भारदस्त शब्दाची गंमतही केली. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या, आणि १९७४च्या स्पर्धेत जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून घेतलेल्या 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह रुंद केला, तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाने १९७१पासून विज्ञान आणि गोष्ट या दोन्हींना मुलांच्या घरापर्यंत नेले. दुसरीकडे चिं. वि. जोशी यांचा चिमणराव, ना. धों. ताम्हनकर यांचा गोट्या आणि दिलीप प्रभावळकर यांचा बोक्या सातबंडे यांनी घर, शाळा आणि शेजार यांतल्या विनोदाची वाट मोठी केली. या दोन वाटा एका माणसात एकत्र आल्याचे उदाहरणही मराठीत आहे: ज्यांच्यापासून आधुनिक मराठी विनोदी लेखनाचा आरंभ मानला जातो, त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी ज्योतिर्गणितावरही ग्रंथ लिहिला. मात्र 'सुदाम्याचे पोहे' एका फडताळात आणि ग्रहगणित दुसऱ्या फडताळात, अशीच व्यवस्था तेव्हाही राहिली आणि नंतरही बहुतांशी तशीच टिकली.

या विभक्तपणाचे कारण मराठी विज्ञानकथेवर सोपवलेल्या कामात सापडते. विज्ञानप्रसार आणि अंधश्रद्धेशी झुंज ही जबाबदारी तिने आनंदाने स्वीकारली. तिचे अनेक लेखक स्वतः वैज्ञानिक किंवा विज्ञानशिक्षक असल्यामुळे कथेत जाणत्याचा आवाज प्रबळ राहिला. नारळीकरांच्या शीर्षकांकडे पाहिले तरी ही गोष्ट लक्षात येते. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर' या नावांनी अपरिचित कल्पनेला परिचित पुराणाचे बोट धरायला दिले, आणि मराठी वाचकाला विज्ञानकथा आपली वाटण्यात या युक्तीचा मोठा वाटा आहे. पण यक्ष, वामन आणि भस्मासुर हे तिघेही माणसाहून बलवान आहेत. त्यांच्यापुढे माणसाने परीक्षा द्यायची, जमीन द्यायची किंवा जीव वाचवायचा असतो. ज्याच्यापुढे मान वर करून पाहावे लागते त्याच्या गोंधळाला हसता येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याने आपल्याला हसावे अशी कल्पनाही सुचत नाही. प्रौढांच्या विचारप्रधान कथेला ही उंची शोभते. कुमारांच्या कथेला मात्र वामनाहूनही बुटका, प्रश्नांनी गांजलेला आणि वारंवार चुकणारा परग्रहवासी हवा असतो.

असा परग्रहवासी निर्माण करताना पहिला धोका त्याच्या शरीराचा असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरस विकृत वेष, विकृत आकार, विकृत वाणी अशा कारणांतून उत्पन्न होतो असे सांगितले आहे, आणि तेथे 'विकृत' याचा अर्थ रूढ रीतीपासून ढळलेले असा घ्यायचा आहे. स्वतः हसणारा तो आत्मस्थ आणि दुसऱ्याला हसवणारा तो परस्थ, असे हास्याचे दोन भेद आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्याही त्याच विवेचनात येतात. हिरवी कातडी, तीन डोळे, डोक्यावर शिंगासारख्या दोन काड्या आणि अडखळत बोललेली भाषा एवढ्यावर भागवणारी परग्रहवासीयाची कथा विकृत आकाराच्या पहिल्याच पायरीवर थांबते. तिच्यात विज्ञान नसते आणि तिचे संस्कारही बरे नसतात, कारण गोष्टीतल्या तीन डोळ्यांना हसायला शिकलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गातल्या जाड भिंगाच्या चष्म्याला हसते. वास्तविक 'रूढ रीतीपासून ढळलेले' हा निकष सापेक्ष आहे; तीन डोळ्यांच्या जगात दोन डोळ्यांचा माणूसच विकृत आकाराचा ठरतो. हास्याचा रोख पाहुण्याकडून यजमानाकडे वळवणे, म्हणजे वाचकाला स्वतःच्या रीतीचे हसू येऊ देणे, हे या प्रकारातले खरे कौशल्य होय.

युरोपीय वाङ्मयात हे वळण जुने आहे. व्होल्तेअरच्या १७५२ सालच्या 'मिक्रोमेगास' या कथेत व्याध ताऱ्याच्या परिसरातला प्रचंड देहाचा प्रवासी शनीच्या रहिवाशाला सोबत घेऊन पृथ्वीवर येतो, आणि त्याला दिसूही न शकणारी चिमुकली माणसे विश्वाविषयी मोठमोठे दावे करत असल्याचे पाहून त्याची करमणूक होते. मुलांसाठी १९८८ साली निघालेल्या जीन विलिस यांच्या 'डॉक्टर झार्गल' या चित्रपुस्तकात परग्रहावरचे प्राध्यापक आपल्या वर्गाला मानवी तान्ह्या बाळांविषयी व्याख्यान देतात आणि प्रत्येक निरीक्षणातून भलताच निष्कर्ष काढतात. या दोन उदाहरणांतून विनोदी परग्रहकथेचे सूत्र हाती लागते: निरीक्षण अचूक, निष्कर्ष चुकीचा. निरीक्षणच चुकीचे असेल तर तो नुसता वेडगळपणा होतो, आणि निष्कर्षही बरोबर असेल तर तो पाठ्यपुस्तकातला धडा होतो. दोहोंच्या मधल्या फटीत हसू असते, आणि पुराव्यावरून अनुमान काढताना वैज्ञानिकाचा पाय घसरतो तोही नेमका याच फटीत.

या सूत्राचा प्रयोग विठ्ठलवाडीवर करून पाहता येतो. मध्य रेल्वेची मुंबईहून येणारी वाट कल्याणला दुभंगते. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे, आणि विठ्ठलवाडी हे कर्जतच्या फाट्यावरचे पहिले स्थानक. तेथून पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी अशी स्थानके लागतात. मराठीत गाडीतून प्रवासी 'उतरतो' आणि आकाशातून यानही 'उतरते', त्यामुळे विठ्ठलवाडीला कोण उतरले, या साध्या वाक्यात कथेचा आरंभ तयारच आहे. शिवाय पुण्यातही सिंहगड रस्त्यावर विठ्ठलवाडी आहे आणि महाराष्ट्रात आणखीही आहेत, त्यामुळे आकाशगंगा ओलांडून बिनचूक आलेला प्रवासी शेवटच्या टप्प्यावर चुकीच्या विठ्ठलवाडीला उतरण्याची सोयही आहे. आता समजा, त्याने सकाळी फलाटावर उभे राहून नोंदी घेतल्या. पहिली नोंद: मुंबईला जाऊ इच्छिणारे काही जीव मुंबईच्या विरुद्ध दिशेच्या गाडीत चढतात, बदलापूरपर्यंत जातात आणि त्याच गाडीने बसल्या जागी परत येतात. निरीक्षण अचूक आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की पृथ्वीवर सरळ रेषा हे दोन बिंदूंमधले सर्वांत लांबचे अंतर असावे. दुसरी नोंद: बाक तिघांचे असून त्यावर चौघे बसतात, चौथ्याचे अर्धे शरीर हवेत राहते आणि तरीही सर्व जण त्या हवेला 'चौथी सीट' म्हणतात, निष्कर्ष असा की सकाळच्या वेळी मानवाचे वजन निम्म्याने घटते. तिसरी नोंद: गावातून वाहणाऱ्या वालधुनीला नकाशावर नदी आणि बोलण्यात नाला म्हणतात, निष्कर्ष असा की नकाशा आणि माणसे यांची अजून ओळख झालेली नाही.

या नोंदी वाचताना कुमार वाचकाच्या मनात तीन गोष्टी क्रमाने घडतात, आणि त्या क्रमातच या प्रकाराचे शैक्षणिक मोल आहे. आधी त्याला कळते की हे निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे आहेत हे त्याला ठाऊक असते. एरवी घरात आणि वर्गात सतत अजाण ठरणारे मूल या एका ठिकाणी जाणते होते, आणि आकाशगंगा ओलांडून आलेल्या प्रगत जिवाला समजावून सांगण्याचा मान त्याला मिळतो. मग ते समजावू लागते. बसायला जागा मिळावी म्हणून माणसे उलटी जातात, हे सांगितल्यावर पाहुणा साहजिकच विचारतो की जागा का नसते, गाड्या का वाढवत नाहीत, कामे मुंबईतच का ठेवली आहेत, आणि तीन-चार प्रश्नांच्या आत मुलाचे उत्तर संपते. तिसऱ्या क्षणी हसू परग्रहवासीयाकडून निघून वाचकाकडे आणि वाचकाच्या गावाकडे परत येते. पहिल्या दोन निष्कर्षांचा खोटेपणा मूल सहज सिद्ध करू शकते. तिसरा, म्हणजे वालधुनीचा निष्कर्ष, तपासायला गेल्यावर मात्र तो खोटा आहे की नाही हेच त्याला सांगता येत नाही. चुकत-चुकत जाणाऱ्या पाहुण्याचे एखादे अनुमान असे अवचित खरे निघणे हा या प्रकारातला सर्वांत प्रभावी क्षण असतो, आणि तो कोणतेही उपदेशपर वाक्य न लिहिता साधता येतो.

विनोदाने विज्ञान पातळ होते, असा आक्षेप यावर घेतला जातो. प्रत्यक्षात विनोदी विज्ञानकथेला गंभीर कथेपेक्षा अधिक काटेकोर असावे लागते, कारण गृहीतक डळमळले की विसंगतीही डळमळते आणि हसू विरते. परग्रहवासीयाला मराठी कसे येते, हा प्रश्न बहुतेक लेखक भाषांतरयंत्र पुढे करून टाळतात. तो न टाळता सोडवला तर कथा अधिक रंगते. आकाशवाणीच्या मध्यम लहरी आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युत्भारित थरातून, सहसा पार होत नाहीत. दूरचित्रवाणीच्या आखूड लहरी मात्र तो थर भेदून अंतराळात निसटतात. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रकाशाच्या वेगाने निघालेल्या त्या लहरी, सात ग्रह असलेल्या आणि सुमारे चाळीस प्रकाशवर्षे दूर असलेल्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्यापर्यंत २०१२च्या आसपास पोचल्या असणार. प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात तोडतो ते अंतर. तेथवर त्या इतक्या क्षीण होतात की त्या पकडायला प्रचंड आकाराची यंत्रणा लागेल, पण तेवढी सवलत कथेला द्यायला हरकत नाही. मग तेथला रहिवासी आज जी मराठी शिकत असेल ती 'आमची माती आमची माणसं' आणि 'गजरा' या कार्यक्रमांची, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची मराठी असेल. तो लगेच निघाला आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने आला तरी पृथ्वीवर आणखी चाळीस वर्षे लोटलेली असतील. अशा हिशेबाने विठ्ठलवाडीच्या फलाटावर वडापाव मागताना बातम्यांच्या धाटणीची, नामे आणि विभक्तिप्रत्यय यथास्थित असलेली मराठी बोलणारा एकमेव जीव परग्रहावरचा निघतो, आणि त्याला समजून घेण्यासाठी मुलाला आजीला बोलावून आणावे लागते. या प्रसंगात लहरींचे गुणधर्म, प्रकाशाचा वेग आणि भाषेचे बदलणे या तिन्ही गोष्टी हसत-हसत येतात, आणि त्यांपैकी एकही वगळली तर विनोद कोसळतो.

रसायनशास्त्राकडूनही अशीच मदत मिळते. पृथ्वीवरील जिवांच्या शरीरातली शर्करा आणि अमिनो आम्ले विशिष्ट हाताची असतात. म्हणजे डाव्या आणि उजव्या हातमोज्यांसारखी एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असणारी दोन रूपे संभवत असताना सजीवसृष्टीने त्यांतले एकच रूप वापरले आहे. पाहुण्याच्या ग्रहावर नेमके उलटे रूप रूढ झाले असेल, तर उल्हासनगरातल्या सिंधी न्याहारीचा दाल-पकवान तो पोटभर खाईल, चवीचे कौतुकही करील, पण त्यातले बहुतेक अन्न त्याच्या अंगी लागणार नाही. यजमानीण आग्रह करत राहील, पाहुणा खात राहील आणि तरीही उपाशी राहील. मराठी आणि सिंधी या दोन्ही घरांतल्या आग्रहाच्या रीतीला याहून मोठी परीक्षा सापडणे कठीण आहे.

भाषेच्या अंगाने पाहिले तर मराठी या प्रकाराला विशेष अनुकूल आहे, कारण मराठी क्रियापद कर्त्याचे लिंग विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. यान उघडून जो जीव बाहेर आला तो 'उतरला' म्हणावे, 'उतरली' म्हणावे की 'उतरले' म्हणावे, हा प्रश्न पहिल्याच वाक्यात उभा राहतो. नपुंसकलिंग वापरून सुटका करून घेतली तरी नवा पेच पडतो: लेखी मराठीत 'ते उतरले' हे वाक्य एखाद्या पिल्लाविषयीही असू शकते आणि आदरार्थी अनेकवचन घेऊन एखाद्या थोर गृहस्थाविषयीही असू शकते. पाहुणा लेकरू आहे की मुख्य पाहुणा, हे वाक्य सांगत नाही. कथेतल्या निरनिराळ्या माणसांनी ते आपापल्या सोयीने घ्यावे, नगरसेवकाने हार आणावा आणि शेजारच्या काकूंनी दुपटे आणावे, इतका वाव त्या दोन शब्दांत आहे. तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड करताना प्रत्येक पात्राचा स्वभाव उघड होतो, आणि ज्याचे वय, जात, पगार, गाव यांतले काहीही कळत नाही त्याला कशी हाक मारायची, या अडचणीत सापडलेला समाज मुलांना प्रथमच बाहेरून दिसतो. अनुवादित परग्रहकथांना ही संधी मिळत नाही. अशी कथा मराठीतच लिहावी लागते.

विठ्ठलवाडीच का, या प्रश्नाचे उत्तर केवळ रेल्वेत नाही. या स्थानकाला लागून असलेले उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. आजही तेथला पत्ता 'कॅम्प नंबर' सांगून सुरू होतो. एका रात्रीत आपला ग्रह सुटावा तसे घर सुटलेली माणसे अनोळखी भाषेच्या मुलखात उतरली, त्यांनी छोटे-मोठे कारखाने काढले, आणि त्यांच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए' या छापातली अक्षरे उल्हासनगर सिंधी असोसिएशनची आहेत, असा विनोद महाराष्ट्रभर पसरला. विनोदाचे राजकारण समजून घ्यायला हे उदाहरण उपयोगी आहे. बाहेरच्या माणसाने नाक मुरडून सांगितला तर तो परक्याचा उपहास होतो. उल्हासनगरच्या माणसाने स्वतः सांगितला तर त्यात काही नसताना सर्व काही उभारल्याचा टेचही येतो. शब्द तेच राहतात, सांगणारा बदलला की अर्थ बदलतो. अंतराळयानाचा बिघडलेला सुटा भाग उल्हासनगरात बनवून मिळतो आणि त्यावर 'यूएसए' असा छाप असतो, ही कल्पना कथेत आणायची तर ती तेथल्या मुलाच्या तोंडी, दुरुस्त करणाऱ्या हाताच्या अभिमानासह यावी, हे तारतम्य लेखकाला ठेवावे लागेल. परग्रहवासीयाला पाहून सर्वांत कमी गोंधळणारी व्यक्ती म्हणून अशा गावातली एखादी वृद्ध निर्वासित बाई दाखवली, तर ती कल्पना वास्तवाला सोडून होणार नाही. अनोळखी जागी उतरणे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की परग्रहवासीयांच्या गोष्टी मुलांना भ्रामक विज्ञानाकडे नेतात. ही भीती निराधार नाही. एरिक फॉन डॅनिकेन यांनी १९६८पासून लिहिलेल्या पुस्तकांनी प्राचीन वास्तू परग्रहवासीयांच्या मदतीने उभ्या राहिल्याची समजूत जगभर पसरवली, आणि मराठीतही तिला मोठा वाचकवर्ग मिळाला. परंतु या समजुतीवर गंभीर खंडनापेक्षा विनोदी कथेची मात्रा अधिक लागू पडते. विठ्ठलवाडीहून दोन स्थानके पुढे अंबरनाथला शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर आहे. तेथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ आणि शिलाहार राजाचे नाव नोंदलेले आहे. पाहुण्याला तेथे नेऊन कोणी मोठ्या भक्तिभावाने 'हे तुम्हीच बांधले ना?' असे विचारले आणि तो ओशाळून म्हणाला की आमच्याकडे दगडच नाहीत, वायूच्या ग्रहावर टाकी कशावर चालवणार, तर डॅनिकेनचा सिद्धान्त एका वाक्यात निकालात निघतो आणि अनाम पाथरवटांचे श्रेय त्यांना परत मिळते. फुकटचे श्रेय नाकारणारा परग्रहवासी हा अंधश्रद्धा निर्मूलनाचा फार प्रभावी कार्यकर्ता ठरू शकतो.

तिसरा आक्षेप स्थानिकतेचा आहे: लोकल कधी न पाहिलेल्या गडचिरोलीच्या मुलीला चौथ्या सीटचे काय कळणार? याचे उत्तर मराठी बालसाहित्यानेच देऊन ठेवले आहे. फुरसुंगी कोठे आहे हे ठाऊक नसलेल्या हजारो मुलांनी फास्टर फेणे आपला मानला, कारण नेमकेपणा हा परिचयाहून अधिक दूरवर पोचतो. शिवाय परग्रहकथेत अनभिज्ञ पाहुण्याला सर्व काही समजावून सांगावेच लागत असल्यामुळे दूरच्या वाचकाची सोय आपोआप होते. या प्रकारात तळटीप हेच एक पात्र असते.

भारतीय भाषांमध्ये या दिशेने टाकलेले एक जुने पाऊल येथे आठवावे लागेल. सत्यजित राय यांनी १९६२ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात लिहिलेल्या 'बंकुबाबूर बंधू' या कथेत परग्रहावरचा ॲंग हा जीव बंगालमधल्या एका खेड्यात, सर्वांच्या थट्टेचा विषय झालेल्या शाळामास्तरांना भेटतो. तो त्यांना धन देत नाही, अलौकिक शक्ती देत नाही; त्याच्या भेटीनंतर बंकुबाबूंना आपली किंमत कळते आणि ते थट्टा करणाऱ्या मंडळींना सुनावून बैठकीतून निघून जातात. याउलट २००३ सालच्या 'कोई... मिल गया' या हिंदी चित्रपटातला जादू हा परग्रहवासी मुख्यतः देणारा आहे. तो गोड आहे, पण त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी दिव्यातल्या राक्षसाकडे पाहण्याची आहे. मराठी कुमारांसाठी लिहिणाऱ्याने या दोहोंतून निवड करताना हे लक्षात घ्यावे की वर देणारा पाहुणा मुलाला याचक बनवतो आणि प्रश्न विचारणारा पाहुणा त्याला यजमान बनवतो.

मराठी भाषेने परग्रहवासीयांशी संभाषण सुरू केल्याला आता बराच काळ लोटला आहे. १९७७च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, आणि ५५ भाषांतील शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. दोन्ही याने आता सूर्याच्या वाऱ्याचा प्रभाव संपतो त्या सीमेपलीकडे गेली आहेत. त्या मराठी संदेशात नमस्कार आहे, आदरार्थी 'तुम्ही' आहे, पृथ्वीवरील लोकांचे शुभविचार आहेत, आणि ऐकणाऱ्याने 'ह्या जन्मी' धन्य व्हावे अशी इच्छा आहे. बोलणाऱ्याची भावना निखळ आहे. परंतु ऐकणाऱ्याला जन्म असतो, तो एकाहून अधिक असतो आणि त्यांतला सध्याचा कोणता हे त्याला कळते, ही तीन गृहीतके त्या दोन शब्दांतून कोणाच्याही नकळत सूर्याच्या वाऱ्यापलीकडे गेली आहेत. निरीक्षण अचूक आणि निष्कर्ष चुकीचा हे सूत्र येथे उलटून माणसालाच लागू पडले आहे.

विठ्ठलवाडीहून सुटलेली कर्जत गाडी वांगणीला पोचते, जेथे मुंबईच्या खगोल मंडळासारख्या संस्था वर्षानुवर्षे रात्रभराचे आकाशदर्शन घडवत आल्या आहेत. फलाटावरच्या दिव्यांत न दिसणारे तारे काही स्थानके पुढे गेल्यावर दिसू लागतात, आणि ज्या बाकावर चौथी सीट असते त्याच बाकावरून मुले ते पाहायला जातात. त्यांच्यापैकी कोणी तो संदेश ऐकला आणि 'ह्या जन्मी म्हणजे कोणत्या?' असे पाहुण्याच्या वतीने विचारले, तर मराठीला हवा असलेला परग्रहवासी विठ्ठलवाडीला उतरला असे समजावे.